पलतडच्या बाई

बाईंनी कधी कुणाला ‘गेम आवडला का’ असं विचारलं नाही. हा प्रश्नच त्यांना फुकट वाटायचा. भिडस्त माणूस हो म्हणणार, आगाऊ माणूस नाही म्हणणार, आणि दोन्हीतून आपल्याला काही कळणार नाही, असं त्यांचं म्हणणं. खेळणाऱ्याच्या हातातून त्या फोन अलगद काढून घ्यायच्या आणि विचारायच्या, “किती वेळ झालो वाटता?”

खेळणारा म्हणायचा, झाली असतील पाचेक मिनिटं. बाई त्याला घड्याळ दाखवायच्या. तोवर त्याची बस निघून गेलेली असायची. तो चिडायचा, आणि बाईंच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरायचा की त्या माणसाला आपण फसलो की गौरवले गेलो हेच समजायचं नाही.

डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात त्या मला पहिल्यांदा घेऊन गेल्या, तेव्हा मी त्यांच्याकडे नोकरीला लागून आठवडाही झाला नव्हता. एका मासळीवालीच्या हातात त्यांनी फोन दिला. हात ओले होते म्हणून ती नको म्हणत होती, तर बाईंनी स्वतःच्या पदराने तिचे हात पुसले. ती खेळायला लागली. मी मान लांब करून स्क्रीनवर काय चाललंय ते बघू लागले. बाईंनी माझी मान धरून खाली वळवली.

“पाय बघ गो. तोंड खोटा बोलता. पाय खोटा बोलणत नाय.”

मासळीवालीची बोटं फोनवर फिरत होती आणि पाटाखाली तिच्या पायाचा अंगठा जमिनीत रुतत चालला होता. मध्येच तिने दोन्ही पाय एकदम उचलले, जणू पाणी चढत होतं. बाई पुटपुटल्या, “चलला.” म्हणजे गेम जमला. त्या दिवसापासून मी माणसांचे पाय बघायला शिकले, आणि ती सवय अजून सुटलेली नाही.

बाई मूळच्या पेडण्याच्या. डिचोलीतल्या एका मराठी शाळेत गणित शिकवत होत्या. पन्नाशी जवळ आली तेव्हा नोकरी सोडली आणि मांद्रेला एक जुनं गेस्टहाऊस भाड्याने घेऊन मोबाईल गेम बनवायला बसल्या. शाळेत असताना कॉम्प्युटरवर मुलांसाठी कोडी बनवायच्या, त्यातूनच हे वाढलं. लोकांना वाटलं बाईंचं डोकं फिरलं. बाईंना कोणाला काय वाटतं याचा पत्ताच नसायचा. त्यांची भाषाही दोन तऱ्हांची होती. हिशेब, तर्क, नियम असलं की वर्गातली शुद्ध मराठी. जीव गुंतला की पेडण्याची बोली. त्यामुळे त्या मनापासून बोलताहेत की विचार करून, हे आम्हाला पहिल्या शब्दातच कळायचं.

माझे वडील दोडामार्गहून डिचोलीला खाणीवर ट्रक चालवायला आले होते. खाणी बंद पडल्या आणि ट्रक अंगणात उभा राहिला. मी चित्रकला शिकले होते, पण काम मिळेना म्हणून मोरजीच्या गेस्टहाऊसांच्या भिंतींवर कासवं रंगवत होते. एक दिवस माझ्या मागे कोणी उभं राहिलं आणि म्हणालं, “हे कासव समुद्राकडे चाललंय की समुद्रातून येतंय?” मी म्हटलं, चाललंय. “मग ते इतकं निवांत का?” त्या बाई होत्या. दुसऱ्या दिवशी मांद्रेला बोलावून त्यांनी माझी परीक्षा घेतली. फेरीबोटीत चढायला तयार नसलेली गाय काढ, म्हणाल्या. मी चारही पाय रोवलेली गाय काढली. त्यांनी बराच वेळ चित्र पाहिलं.

“गाय नको म्हणते ते दिसलं. फेरीवाल्याला उशीर होतोय ते कुठे आहे?”

मी पुन्हा काढलं. गाय तशीच ठेवली, तिच्या मागे दोर ओढणारा माणूस काढला आणि त्याची मान नदीकडे वळवली. त्या एका वळलेल्या मानेवर मला नोकरी मिळाली.

आमच्या गेमचं नाव होतं ‘पलतड’. पलतड म्हणजे नदीचा पलीकडचा काठ. केरीहून तेरेखोलला फेरीबोट जाते, तिच्यावरून बाईंना तो सुचला होता. खेळणारा फेरीवाला. त्याने माणसं, स्कूटर, नारळाची पोती, गाय, लग्नाचं वऱ्हाड असं सगळं फेरीत अशा तऱ्हेने बसवायचं की फेरी कलंडू नये आणि कोणाचं कोणाशी भांडणही होऊ नये. आम्ही चौघंजण. बाई, मी, डिचोलीचा एक प्रोग्रामर, ज्याला सगळे दादा म्हणायचो, आणि आवाज-संगीत करणारी एक मुलगी. खर्चाला पैसे घातले होते म्हापशाच्या एका हॉटेलवाल्याने. त्यांना आम्ही शेठ म्हणत असू. त्यांना गेममधलं काही कळत नव्हतं, पण बाईंनी त्यांच्या मुलीला गणितात पास करून दाखवलं होतं, तेवढ्या भरवशावर ते आले होते.

गेम तयार झाला आणि तारीख ठरली. तेवढ्यात पुण्याच्या एका मोठ्या स्टुडिओने त्यांच्या ‘चढाव’ या गेमची तारीख जाहीर केली. ट्रकात सामान रचायचं आणि घाट चढायचा. म्हणजे रचण्याचाच खेळ, आमच्याच जातीचा. आणि तारीख नेमकी तीच. त्यांच्याकडे जाहिराती होत्या, शंभरेक माणसं होती. शेठ धावत आले, तारीख पुढे ढकला म्हणाले. दादाही तेच म्हणाला. मीही म्हटलं. बाई शांतपणे ऐकत होत्या. मग शुद्ध मराठीत म्हणाल्या, “दोन गेम एकाच जातीचे, एकाच दिवशी. याच्याइतकी चांगली परीक्षा मला पुन्हा कोण देणार?”

शेठना ते वेड वाटलं. मलाही वाटलं. बाईंना ती चालून आलेली पर्वणी वाटत होती.

पहिले काही दिवस ‘चढाव’ पुढे होता. ऑनलाइन दुकानात विकत घ्यायच्या गेमची क्रमवारी लागते, त्यात तो पहिला आणि आम्ही बरेच खाली. मग आम्ही चढू लागलो. आधी गोव्यातली माणसं, मग कोकणातली, मग कुठली कुठली. दादा सारखा आकडे बघायचा. बाई मात्र दिवसभर खिडकीपाशी बसून ‘चढाव’ खेळत होत्या. कोणी आत आलं तरी त्यांची मान वर होत नसे. एकदा त्यांनी मला बोलावून फोन माझ्या कानाला लावला. ट्रक मागे घेताना होणारा आवाज होता, इंजिनाचा नव्हे, दोर आवळले जातानाचा करकर असा. “ऐकलंस? सामान किती भरलंय ते या आवाजावरून कळतं. न बघता. माका ह्या सुचूक नाय.” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दुसऱ्याच्या गेमच्या एका आवाजाने रडणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

आणि एका दुपारी आम्ही पहिले झालो. ‘चढाव’ एकाएकी घसरला, आम्ही वर. दादाने टेबलावर थाप मारली. संगीतवाली मुलगी मला मिठी मारून रडायला लागली. मी घरी फोन केला. वडील म्हणाले, टीव्हीवर दाखवणार काय? शेठ फोनवर एवढ्या मोठ्याने बोलत होते की स्पीकरची गरज नव्हती. बाई हसल्या, पण जरा गोंधळल्यासारख्या. “एकाएकी कसा काय?” एवढंच म्हणाल्या.

त्याचं उत्तर संध्याकाळी स्वतःच्या पायांनी आलं. डिचोलीत मोबाईलचं दुकान चालवणारा एकजण, बाईंचा जुना विद्यार्थी, खाज्यांचा पुडा घेऊन आला. बाईंच्या पाया पडला. मग खुर्चीत मागे रेलून त्याने आपला पराक्रम सांगितला. बाईंच्या जुन्या विद्यार्थ्यांचा एक ग्रुप होता, डिचोली, पेडणे, साखळी सगळीकडची पोरं त्यात. आता बायकामुलांची झालेली, पण बाईंसाठी पोरंच. त्या सगळ्यांनी मिळून ऑनलाइन दुकानात ‘चढाव’ला पाचपैकी एकेकच तारा देऊन टाकला होता. गेम बंद पडतो, फोन तापतो, पैसे कापले जातात, काय सुचेल ते लिहिलं होतं. ओळखीच्यांकडून, त्यांच्या ओळखीच्यांकडून लिहून घेतलं होतं.

“बाई, तेंका झोपवलो आमी,” तो म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता. “तुम्ही तो गेम खेळलात?”

“खेळाक वेळ खंय बाई? तुमच्यासाठी केला.”

बाईंनी पुड्याचा दोरा पुन्हा बांधला. व्यवस्थित, गाठ मारून. आणि तो त्याच्या मांडीवर ठेवला. मग दादाकडे वळून म्हणाल्या, “आपला गेम दुकानातून काढ.”

दादाला वाटलं त्याने चुकीचं ऐकलं. बाईंनी पुन्हा सांगितलं. आता विकू नको. ज्यांनी घेतलाय त्यांना खेळू दे, पण नवीन कोणाला विकला जाता कामा नये. दादा म्हणाला, बाई, एकदा उतरलो की हा नंबर परत मिळत नाही, दुकानाचं गणितच तसं आहे. बाई म्हणाल्या, “मला माहीत आहे ते गणित.”

मग मी बोलले. मी बोलायला नको होतं असं मला अजूनही वाटत नाही. मी म्हटलं, बाई, हे आपण केलेलं नाही. आपल्याला माहीतही नव्हतं. माझ्या घरी कमावणारी मी एकटी आहे. दादाचं लग्न ठरलंय. आपण सगळ्यांनी किती राबून इथे आलोय. आपला गेम चांगला आहे, तो पहिला येणारच होता.

बाई माझ्याजवळ येऊन बसल्या. “येणार होता काय?” त्यांनी विचारलं. “तुला खात्री आहे? मला नाही. मला तेच बघायचं होतं. आता ह्या लोकांनी माझा पेपर सोडवून दिलो. मार्कांक मी काय करू?”

त्या बोलीत उतरल्या होत्या, म्हणून मला कळलं की आता काही उपयोग नाही. दादाने आमचा गेम दुकानातून काढला. देशातल्या पहिल्या नंबरचा गेम, त्याच्या कर्तीने, त्याच दिवशी, स्वतः. शेठचा फोन आला, त्यांनी आरडाओरडा केला, बाईंनी तो पूर्ण ऐकून घेतला आणि म्हणाल्या की तुमचा राग योग्य आहे. शेठनी फोन ठेवून दिला.

बाईंनी त्या मोबाईलवाल्याला अजून सोडलं नव्हतं. तो दारात उभा होता, रडवेला. त्यांनी त्याला काम दिलं. ग्रुपातल्या प्रत्येकाने ‘चढाव’ विकत घ्यायचा. शेवटपर्यंत खेळायचा. जुनं लिहिलेलं काढायचं आणि खेळून जे वाटलं ते लिहायचं. वाईट वाटलं तर वाईट लिहा, पण खेळून. सगळ्यांचं झालं की ‘पलतड’ परत दुकानात जाईल, त्याआधी नाही.

मग जे झालं त्याला मी स्वतः साक्षीदार नसते तर माझा विश्वास बसला नसता. डिचोलीच्या बाजारात, पेडण्याच्या बसस्टँडवर, साखळीच्या बँकेत, जिथे जाल तिथे बाईंचे मोठे झालेले विद्यार्थी घाट चढत होते. एक पंचायतीतला क्लार्क, एक डॉक्टर, एक रिक्षावाला. गृहपाठ दिल्यासारखे, मान खाली घालून. तिसऱ्या वळणावर ट्रक उलटतो तो कसा सावरायचा म्हणून एकमेकांना फोन करत होते. पुण्याच्या स्टुडिओची गोव्यातली विक्री आम्हीच वाढवली. काही दिवसांनी मोबाईलवाला परत आला, यावेळी रिकाम्या हाताने, आणि खुर्चीच्या काठावर बसला.

“बाई,” तो खालच्या आवाजात म्हणाला, “बरो असा ओ तो गेम.”

“मगे?” बाई म्हणाल्या. “तसाच लिही.”

त्याच आठवड्यात पुण्याहून फोन आला. ‘चढाव’ ज्याने बनवला तो तरुण. बाई फोन कधी कानाला लावत नसत, टेबलावर ठेवून स्पीकरवर बोलत, म्हणून आम्ही सगळ्यांनी ऐकलं. त्याला वाटलं होतं की यात काही डाव आहे. आधी शिव्या पडल्या, मग अचानक शिव्या देणारेच कौतुक करायला लागले, आणि पहिल्या नंबरचा गेम गायब. तो बराच संशयाने बोलत होता. बाईंनी काही लपवलं नाही. माझ्या मुलांनी केलं, म्हणाल्या, माझ्यासाठी केलं, मी माफी मागते. मग त्याने विचारलं, तुम्ही स्वतः खेळलात का आमचा गेम? बाई दोराच्या आवाजाबद्दल बोलायला लागल्या. पुढे काय काय बोलल्या ते सांगत बसत नाही, पण कुठल्या वळणावर त्याने घाई केली आणि कुठे त्याचा हात देवासारखा चालला, सगळं. तो मध्येच म्हणाला, “बाई, हा आवाज आजवर कोणाच्याच लक्षात आला नव्हता. आमच्या ऑफिसातही.”



‘पलतड’ दुकानात परत गेला. दादा म्हणाला होता तसंच झालं, पहिला नंबर परत मिळाला नाही. पण आम्ही पुन्हा चढलो, इमानाने, आणि ‘चढाव’च्या मागे दुसरे येऊन थांबलो. कितीतरी दिवस तिथेच होतो. त्याच्या वर जाता आलं नाही. एक दिवस बाई म्हणाल्या, “हरलो.” आणि हे सांगताना त्यांचा चेहरा मासळीवालीचे पाय बघताना होता तसा होता. मग फळ्यापाशी जाऊन आम्हाला समजावू लागल्या की लग्नाच्या वऱ्हाडाच्या पातळीवर माणसं खेळ सोडून जातात, कारण तिथे फेरीवाला एकटा पडतो. हे आपल्याला आधी का दिसलं नाही. आम्ही तिघं खचून बसलो होतो आणि बाई वर्गावर होत्या.

शेठनी पुढे पैसे घातले नाहीत. त्यांच्या जागी मीही घातले नसते. मांद्रेची जागा सोडावी लागली. बाई पेडण्याला आपल्या घरी गेल्या, सकाळी शिकवण्या घेऊ लागल्या आणि दुपारी पुढचा गेम. दादा एका बँकेच्या कामाला लागला. संगीतवाली मुलगी मुंबईला गेली. मी राहिले, जमेल तितकं. मग पुण्याहून त्या तरुणाने मला बोलावलं. फेरीतली गाय मी काढली हे त्याला कळलं होतं.

मी बाईंकडे गेले तेव्हा त्या सोप्यावर बसून एका मुलीला अपूर्णांक शिकवत होत्या. मी खूप तयारी करून गेले होते, घरची परिस्थिती, वडिलांची तब्येत. त्यांनी दोन वाक्यांतच थांबवलं.

“जा गो. नीट काम कर. माका हरवूक थंय कोण तरी बरा माणूस व्हया.”

आणि मुलीच्या वहीकडे वळल्या. मी अंगणात उतरून स्कूटर सुरू केली तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांनी मला निरोप दिला नव्हता. कामगिरीवर पाठवलं होतं.

पुण्याला मी पाच वर्षं आहे. आमचं ऑफिस मोठं आहे, भिंतीवर मोठा पडदा आहे, त्यावर गेमची क्रमवारी दिवसभर दिसत असते. बाईंचे दरम्यान दोन गेम आले. पहिला आमच्या खालीच राहिला. दुसरा गेल्या पावसाळ्यात आला, एका बाईने एकटीने बनवलेला. सुरुवातीला पडद्यावर तो शोधावा लागत होता. रोज थोडा थोडा वर सरकत होता. आमची नवीन मुलं त्याच्यावर हसायची, मग हसायची थांबली, मग जेवणाच्या सुट्टीत चोरून तो खेळायला लागली.

ज्या सकाळी तो आमच्या वर गेला, त्या सकाळी सगळं ऑफिस पडद्यासमोर उभं होतं. एक नवा मुलगा म्हणाला की आपण दोनशे माणसं आहोत, प्रत्येकाने एकेक वाईट शेरा टाकला तर संध्याकाळपर्यंत खाली येईल. तो गमतीत म्हणाला असेल. मी काही बोलायच्या आत आमच्या साहेबाने, तोच ज्याने तेव्हा फोन केला होता, मागे वळून पाहिलं. खुर्ची ओढली, खिशातून फोन काढला, बाईंचा गेम विकत घेतला आणि आमच्या सगळ्यांसमोर पहिल्या पातळीपासून खेळायला बसला. हळूहळू एकेकजण आपापल्या जागी गेला. बऱ्याच वेळाने त्याने मान वर केली आणि मला विचारलं, किती वाजले. मी सांगितलं तर त्याला खरं वाटेना.